घरच्या जुन्या लोखंडातून स्मरणतलवार घडवताना

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत जुना वाडा उतरवला गेला, बैलगाडी मोडीत निघाली किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्या आजोबांची जीप भंगारात देण्याची वेळ आली, की घरातील कोणीतरी लोखंडाचा एखादा तुकडा वेगळा काढून ठेवतो. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरानंतर पडक्या घरांच्या बिजागऱ्या आणि खिडक्यांचे गज असेच जपून ठेवले गेले. काही वर्षांनी या तुकड्यांची एक तलवार घडवून ती घरात लावावी, असा विचार पुढे येतो. विचार चांगला आहे आणि तो अमलातही आणता येतो. परंतु बहुतेक जण सगळे लोखंड एका भट्टीत घालून त्याचे एक पाते काढायचे, अशी कल्पना करून लोहाराकडे जातात, आणि काम तेथेच बिघडते. तलवारीत कोणती वस्तू कोठे जाईल हे आपल्या मायेवर ठरत नाही, त्या वस्तूतील धातूवर ठरते. काही वस्तू पात्याच्या गाभ्यात जातात, काही पात्याच्या बाजूंना, काही मुठीत, आणि काही वस्तूंना हातच न लावता त्या तलवारीच्या घडवंचीवर बसवाव्या लागतात. एवढे एकदा मान्य केले, की पुढचे सगळे टप्पे धीराने पार पाडण्याचे आहेत.

आधी परवानगी

या कामाची सुरुवात भट्टीपासून न करता पोलीस ठाण्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम यांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत, म्हणून ऊसतोडीचा कोयता बिनधास्त वापरता येतो आणि तलवार मात्र नियमाखाली येते. अधिनियमाचे कलम ४ अशी शस्त्रे जवळ बाळगण्याविषयी आहे आणि कलम ५ ठरवून दिलेल्या वर्गांतील शस्त्रे बनवणे, दुरुस्त करणे व विकणे यांविषयी आहे. म्हणजे जबाबदारी तलवार मागणाऱ्यावर येते तशीच ती घडवणाऱ्या लोहारावरही येते, आणि आपल्या हौसेपायी गावातील कारागिराला अडचणीत आणण्याचा अधिकार आपल्याला नाही. टपालाने तलवारी मागवणाऱ्यांवर राज्यात गुन्हे दाखल झालेले आहेत, हेही लक्षात ठेवावे.

धार लावली नाही म्हणजे ती तलवारच नव्हे, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. जे हत्यार केवळ खेळणे म्हणून वापरता येते आणि ज्याचे कामाच्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही, त्यालाच अधिनियमाने सूट दिली आहे. पाणी दिलेल्या, म्हणजे लाल करून एकदम बुडवून कठीण केलेल्या, पोलादाचे बोथट पाते थोड्या वेळात धारदार करता येते, त्यामुळे त्याला ही सूट गृहीत धरता येत नाही. म्हणून जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. त्यात तलवारीचा उद्देश, पात्याची लांबी, रुंदी व कडेची जाडी, ती कोठे आणि कशी लावली जाणार आहे आणि ती कोण घडवणार आहे, हे लिहावे. स्थानिक पोलीस ठाण्याला त्याची प्रत द्यावी आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत भट्टी पेटवू नये. परवानगी मिळाली नाही, तर नऊ इंचांपेक्षा आखूड आणि दोन इंचांपेक्षा अरुंद पात्याची बोथट प्रतिकृती करावी. पुढे दिलेली कृती तिलाही लागू पडते, आणि दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत ती अधिक शोभते असे मला वाटते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ही तलवार मिरवण्याचा मोह टाळावा, कारण सणासुदीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश वारंवार निघतात.

वाड्याच्या भिंतीत किंवा माळ्यावर जुने शस्त्रच सापडले, तर ते कोणत्याही परिस्थितीत वितळवू किंवा ठोकू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जुने पाते मोडून नवे करणे म्हणजे आठवण जपण्याच्या नावाखाली ती पुसून टाकणे होय. लष्करी घरांत शोभेसाठी ठेवलेले तोफगोळ्यांचे किंवा काडतुसांचे भाग असतात. त्यांना कधीही उष्णता देऊ नये. आत काही शिल्लक असल्याची शंका असेल, तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

कोणते लोखंड कोठे

लोखंडातील कार्बनचे प्रमाण ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. साधारण ०.२ टक्क्यापर्यंत कार्बन असलेले लोखंड मऊ राहते आणि लाल करून बुडवले तरी फारसे कठीण होत नाही. सुमारे ०.५ ते ०.८ टक्के कार्बन असलेले पोलाद पाणी घेते आणि लवचीकही राहते. तलवारीच्या पात्याला हेच हवे असते. दोन टक्क्यांच्या वर कार्बन गेला की ते बीड होते, आणि बीड घणाखाली आकार घेत नाही, फुटते.

आपल्या भागातील वस्तू या मोजपट्टीवर लावून पाहाव्यात. बैलगाडीच्या चाकाची धाव (चाकावरचा लोखंडी पट्टा), बैलांच्या पायांच्या पत्र्या, घोड्याचा नाल, वाड्याच्या दाराच्या कड्या-कोयंडे, हाताने ठोकलेले जुने खिळे आणि खिडक्यांचे गज हे बहुधा मऊ लोखंडाचे असतात. जुन्या वाड्यांतील काही लोखंड तर घडीव असते. त्यात धातूच्या मळाचे बारीक धागे असतात आणि आम्लाने कोरल्यावर ते लाकडाच्या रेषांसारखे दिसतात. जीप, ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कमानपाटा हा स्प्रिंगच्या पोलादाचा, म्हणजे साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बनचा असतो. आपल्याकडचे शेतकरी कोयता घेताना तो पाट्याचा आहे ना हे विचारून घेतात, ते याच कारणाने. कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. तिचे छोटे पाते उत्तम होते, परंतु लांब पात्याला ते पोलाद ठिसूळ पडते. बेअरिंगच्या कड्यांची गोष्टही तशीच आहे. कुऱ्हाड, कुदळ आणि फाळ यांविषयी मात्र सरसकट काही सांगता येत नाही, कारण गावातील लोहार मऊ लोखंडाला फक्त तोंडाशी पोलादाची पट्टी जोडत असे. अशा कुऱ्हाडीचे तोंड पाणी घेते आणि नेढे, म्हणजे दांडा बसतो तो भाग, घेत नाही.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराविषयी वेगळे सांगणे भाग आहे, कारण तो या भागातील कित्येक घरांत आहे आणि त्याच्याविषयीची माया मोठी आहे. औंध संस्थानच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि तेथून निघालेल्या नांगरांनी कृष्णाकाठची जमीन नांगरली. या नांगरांचे बरेच भाग बिडाचे ओतीव आहेत. ते भट्टीत घालून ठोकले, तर पहिल्या दोन-चार घावांतच त्यांचे तुकडे होतील. ओतीव भाग स्वच्छ करून तलवारीच्या बैठकीत जसाच्या तसा बसवावा. त्यावरील उठावाची अक्षरे वाचता येत असतील, तर ती दर्शनी बाजूला येऊ द्यावीत.

पितळेची समई, घंटा, बैलांच्या गळ्यातील घुंगरे आणि तांब्याची भांडी पात्याच्या जवळपासही येऊ देऊ नयेत. तांबे तापलेल्या पोलादाच्या कणांमधील सांध्यांत शिरते आणि घण पडताच पोलाद भेगाळते. त्यांची जागा मुठीत आहे. जर्मलची भांडी आणि रोजची स्टीलची भांडी यांचा पात्यासाठी काहीही उपयोग नाही. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमचा जो थर धरतो, त्यामुळे साध्या भट्टीत त्याचा जोड बसत नाही. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू, उदाहरणार्थ जुनी पाण्याची नळी किंवा बादलीची कडी, भट्टीत घातली की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास थंडीताप भरतो. क्रोमचा मुलामा आणि शिशाचा अंश असलेला जुना रंगही भट्टीपूर्वी पूर्ण काढून टाकावा. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी तर आतल्या हवेने किंवा पाण्याने फुटू शकते. रुळाचे पोलाद पात्यासाठी चांगले असते, परंतु पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता तेव्हाचा म्हणून कोणी रुळाचा तुकडा आणून दिला, तर लिलावाची पावती पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. रेल्वेचा माल बेकायदा जवळ ठेवण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे.

वस्तूवरून धातूचा अंदाज बांधला, तरी दोन परीक्षा कराव्यातच. पहिली ठिणग्यांची. अंधाऱ्या जागी ग्राइंडरवर वस्तूची कड हलकेच टेकवावी. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि जवळजवळ बिनफांद्यांच्या असतात. कार्बन वाढत जातो तशा त्या आखूड होतात आणि टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड, तांबूस आणि मंद असतात. दुसरी परीक्षा जास्त खात्रीची आहे. वस्तूच्या न दिसणाऱ्या भागातून बोटाच्या पेराएवढी पट्टी कापावी, ती लालभडक करून पाण्यात बुडवावी, शेगड्यात (लोखंडी पकडीत) धरून गोणपाटाने झाकावी आणि हातोडा मारावा. पट्टी वाकली तर लोखंड मऊ आहे. काडकन मोडली आणि मोडीवर करड्या रंगाचे बारीक कण दिसले, तर ते पाणी घेणारे पोलाद आहे. या वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच.

घरच्या वस्तूंपैकी एकही पाणी घेणारी निघाली नाही, तर बाजारातून स्प्रिंगच्या पोलादाची, ईएन ४५ जातीची नवी पट्टी आणून तिचा गाभा करावा. यात कमीपणा मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरच्या लोखंडाला आधार देण्यासाठी मधोमध नवे पोलाद घालणे हे जुन्या वाड्याला नवी तुळई घालण्यापेक्षा वेगळे नाही. फक्त सोबतच्या नोंदीत ते स्पष्ट लिहावे.

कापण्यापूर्वी घरातील सगळ्यांची संमती घ्यावी, विशेषतः ज्येष्ठांची. ज्या आत्याला माहेरच्या गाडीची धाव ही धाव म्हणूनच पाहायची आहे, तिला नंतर तलवार दाखवून उपयोग नाही. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढावे, वजन लिहून ठेवावे, आणि मूळ ओळख पटेल असा तिचा एक भाग, मग तो छिद्राचा असो की कारखान्याच्या शिक्क्याचा, कापून बाजूला ठेवावा. भट्टीत गेलेले परत येत नाही.

घडाई

येथे मी कमानपाट्याचा गाभा आणि गाडीच्या धावेच्या दोन बाजू अशी रचना धरली आहे, कारण या दोन वस्तू आपल्याकडे सहज सापडतात आणि एकमेकींना पूरक आहेत. झिजलेली धाव साधारण ८ मिलिमीटर जाड उरते आणि पाटा ८ ते १० मिलिमीटर असतो. तिन्हींच्या २५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद पट्ट्या एकावर एक ठेवल्या, की सुमारे दोन किलोचा ठोकळा होतो. तयार पाते ६५० ते ७०० ग्रॅमचे धरले, तर उरलेले लोखंड पापुद्रा म्हणून झडते किंवा घासून निघते. पत्र्या आणि खिळे यांसारख्या लहान वस्तू वापरायच्या असतील, तर त्या आधी एकत्र बांधून, ठोकून, त्यांची बाजूची पट्टी तयार करावी लागते. हे काम वेळखाऊ असून नवशिक्याने त्यात पडू नये.

पट्ट्यांच्या भिडणाऱ्या बाजू ग्राइंडरने चकचकीत कराव्यात. गंजाचा एक खड्डा शिल्लक राहिला, तरी तेथे जोड पोकळ राहतो. पुरात भिजलेल्या लोखंडाच्या बाबतीत तर खड्ड्याच्या तळापर्यंत घासणे आवश्यक आहे. मग तिन्ही पट्ट्या शिकंजीत आवळून टोकांना वेल्डिंगचे टाके मारावेत आणि धरण्यासाठी एक लांब गज जोडावा. इंधन म्हणून लोणारी कोळसा सर्वांत चांगला. दगडी कोळशातील गंधक जोडात उतरते. गॅसची भट्टी वापरायची असल्यास १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा, घरगुती सिलिंडर नव्हे. भट्टीची जागा कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून आणि उसाच्या पाचटापासून दूर असावी. अंगावर सुती कपडे आणि पायात बंद बूट असावेत. जागा सावलीची हवी, कारण भर उन्हात लोखंडाचा रंग ओळखता येत नाही आणि घडाईत रंग हाच तापमापक असतो.

ठोकळा लाल झाला की त्याच्या कडांवर टाकणखार (बोरॅक्स) सढळ हाताने टाकावा. पाट्यातील सिलिकॉन किंवा क्रोमियममुळे हा जोड जरा हट्टी असतो. टाकणखार वितळून सांध्यांत शिरतो, आतला पापुद्रा विरघळवतो आणि हवेला अडवतो. नंतर ठोकळा पिवळाधमक होईपर्यंत, म्हणजे साधारण १,२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके, झटपट, एकामागोमाग घाव घालावेत. या वेळी वितळलेला टाकणखार पिचकारीसारखा बाजूला उडतो, त्यामुळे कोणीही ऐरणीच्या रेषेत उभे राहू नये. पहिल्या तावाला, म्हणजे तापवण्याच्या पहिल्या फेरीला, जोर लावण्याचा मोह होतो आणि पट्ट्या एकमेकींवरून सरकतात; पहिला ताव चिकटवण्यासाठी, दुसरा पक्के करण्यासाठी आणि तिसऱ्यापासून आकारासाठी, असा क्रम ठेवावा. ठोकळा थंड होत असताना कडेला काळपट रेघ दिसली, तर तेथे जोड बसलेला नाही असे समजून पुन्हा टाकणखार टाकून ताव द्यावा. दोन किलोचा ठोकळा हाताने लांबवायला घण मारणारा जोडीदार लागतो. गावात असा जोडीदार मिळणे आता कठीण आहे, त्यामुळे यांत्रिक घण असलेल्या कारखान्यात लांबवण्यापुरते काम करून घेण्यास हरकत नाही.

ठोकळा लांबवताना लोखंड नारिंगी असतानाच मारावे आणि मंद लाल झाले की थांबावे. थंड पोलादावरचा घाव आत भेग पाडतो आणि ती भेग पाणी देताना उघडी पडते. पाते मुठीजवळ सुमारे ६ मिलिमीटर जाड आणि ३ सेंटिमीटर रुंद ठेवावे आणि अणीकडे ते ३ मिलिमीटरपर्यंत उतरवत न्यावे. सत्तर सेंटिमीटरच्या आसपासची लांबी पुरेशी आहे. मुठीत जाणारा शेपटा आखूड आणि रुंद ठेवावा, आणि तो पात्याला मिळतो तेथे काटकोनी खाच न ठेवता गोलाई द्यावी, कारण तलवार मोडते ती बहुधा तेथेच. धारेची बाजू ठोकून पातळ करू लागले, की ती लांबते आणि पाते आपोआप पाठीकडे वळते. तलवार वक्र हवी असेल, तर हा कल पथ्यावर पडतो. मराठी धोपेसारखे सरळ पाते हवे असेल, तर धार काढण्यापूर्वीच पाते धारेच्या दिशेने किंचित वाकवून घ्यावे. नंतर घासून आकार पक्का करावा, परंतु कड दीड मिलिमीटरपेक्षा पातळ करू नये. स्मरणतलवारीची कड शेवटपर्यंत एवढीच जाड आणि गोल ठेवायची आहे.

पाणी

पाणी द्यावे की नाही, हा प्रश्न परवानगीशी जोडलेला आहे. केवळ शोभेसाठी म्हणून परवानगी मिळाली असेल, तर गाभ्यातही मऊ लोखंड घालून पाते बिनपाण्याचे ठेवावे आणि अर्जात तसे लिहावे. पाण्याचे पाते करायचे असेल, तर पुढील काम काटेकोरपणे करावे लागते.

घडाईत पोलादाचे कण मोठे झालेले असतात. ते बारीक करण्यासाठी पाते लाल करून स्थिर हवेत पूर्ण निवू द्यावे, आणि हे तीनदा करावे. योग्य तापमान ओळखण्यासाठी दोरीला बांधलेले लोहचुंबक जवळ न्यावे. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरेनासे होते. त्याहून थोडी अधिक लाली, म्हणजे पाट्याच्या पोलादासाठी ८३० अंशांच्या आसपास, ही पाणी देण्याची वेळ होय. सत्तर सेंटिमीटरचे पाते एकसारखे लाल करणे हे कोळशाच्या छोट्या भट्टीत फार अवघड असते: एक टोक पांढरे पडते तेव्हा दुसरे अजून काळेच असते. म्हणून माझा सल्ला असा, की एवढ्या टप्प्यापुरते पाते कुपवाड, मिरज किंवा सातारा येथील औद्योगिक वसाहतीत यंत्रभागांना उष्णताप्रक्रिया करून देणाऱ्यांकडे, कारागिराला सोबत घेऊन आणि परवानगीची प्रत दाखवून, न्यावे.

स्वतःच करायचे असल्यास बुडवण्यासाठी पाणी नव्हे, तेल घ्यावे. कोयत्याच्या धारेला पाण्यात पाणी देणारा लोहार फक्त धार बुडवतो. पूर्ण लांब पाते थंड पाण्यात गेले, तर ते तडकण्याची शक्यता मोठी असते. तळ बंद केलेली, मीटरभर उंचीची लोखंडी नळी उभी पक्की करून तिच्यात शेंगदाणा तेल भरावे आणि ते ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करावे. वापरलेले इंजिन ऑइल विषारी धूर सोडते, ते टाळावे. पाते अणीकडून सरळ आत न्यावे आणि वर-खाली हलवावे, डावी-उजवीकडे नव्हे. तेलाला ज्वाला लागतेच, म्हणून नळीचे लोखंडी झाकण हाताशी असावे आणि त्या आगीवर पाणी मुळीच टाकू नये. बाहेर काढल्यावर पाते वाकलेले दिसले, तर ते गरम आहे तोवर, जाड हातमोजे घालून आणि दोन लाकडांमध्ये धरून, सरळ करता येते. पूर्ण थंड झाल्यावर तेच पाते काचेसारखे मोडते.

कानस गाभ्याच्या कडेवरून न चावता घसरली, तर पाणी बसले असे समजावे. त्यानंतर लगेच, त्याच दिवशी, टेम्परिंग करावे, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पाते पुन्हा बेताने तापवावे. पाते २८० ते ३०० अंशांवर दोन-दोन तास, असे दोनदा तापवावे. घासलेल्या जागेवर निळा रंग चढला, की लवचीकपणा आला असे समजावे; पिवळसर रंगावर थांबले तर पाते सुरीसारखे कठीण राहते आणि एवढ्या लांबीला ते परवडत नाही. घरातील ओव्हन इतका तापत नाही आणि पाते त्यात मावतही नाही, त्यामुळे हेही उष्णताप्रक्रियेच्या कारखान्यातच होऊ द्यावे.

मूठ, अक्षरे आणि जिलई

मूठ ही घरच्या पितळेची जागा. समई किंवा घंटा अख्खी वितळवण्याची गरज नसते. फुटलेला भाग, झिजलेली घुंगरे आणि बाजारातील थोडे पितळ यांतून परज (हाताला आडोसा देणारा भाग) आणि मुठीच्या टोकाची वाटी ओतून घेता येते. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच सुमारास त्यातील जस्त उकळू लागते, त्यामुळे हे काम अनुभवी ओताऱ्याकडेच सोपवावे. आपल्याकडच्या जुन्या तलवारींत शेपटा मुठीच्या पोकळीत लाखेने बसवलेला असतो. लाख, राळ आणि विटेची बारीक भुकटी मंद आचेवर एकत्र करून मुठीत ओतावी, शेपटा किंचित गरम करून आत दाबावा आणि पाते मुठीशी सरळ रेषेत आहे हे दोन्ही बाजूंनी पाहून थंड होऊ द्यावे. लाखेला लागणारी आच इतकी कमी असते की पात्याचे पाणी उतरत नाही, आणि पुढे कधी दुरुस्ती निघाली तर मूठ गरम करून सुटी करता येते. एपॉक्सीने ती सोय जाते. लाखेची मूठ फिरवण्यासाठी पुरेशी सुरक्षित मानू नये. ही तलवार फिरवायची नाही.

जिलईचे, म्हणजे पाते घासून चकचकीत करण्याचे, काम घाईने होत नाही. जाड दाण्याच्या कागदापासून बारीक दाण्याकडे जाताना आधीच्या रेघा पूर्ण निघाल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नये. या कामाची कदर करणारे मिरजेत भेटतील: तेथील सतार आणि तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार आणि जिलई देणाऱ्यांची. गुळगुळीत झालेले पाते फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे ठेवले, की पोलादाचा गाभा गडद होतो, धावेचे लोखंड उजळ राहते आणि दोन्हींमधील सीमारेषा पात्याच्या लांबीभर दिसू लागते. घरची वस्तू पात्यात डोळ्यांना दिसते ती येथेच. द्रावणातून काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पाते धुवावे, अन्यथा उरलेले आम्ल दुसऱ्या दिवशी गंज आणते.

अक्षरे मुठीजवळच्या रुंद भागात, पाठीच्या बाजूला घ्यावीत. छिन्नीने कोरायची असल्यास पाणी देण्यापूर्वी आणि आम्लाने कोरायची असल्यास नंतर. नाव, गाव, वर्ष आणि धातू कोठून आला याचा एका ओळीचा उल्लेख एवढे पुरे. देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरे लहान आकारात भरून जातात, त्यामुळे लांबलचक मजकूर पात्यावर वाचता येत नाही. तो मजकूर, वस्तूंची छायाचित्रे, वजने आणि परवानगीची प्रत एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल तलवारीसोबत पुढच्या पिढीकडे जाऊ द्यावी.

नांगराच्या बाभळीच्या लाकडाची म्यान करावी, असा आग्रह घरातून होतो. बाभळीतील टॅनिन लोखंडाला काळे करते आणि कातड्याच्या म्यानातील क्षार त्याला गंजवतात, म्हणून त्या लाकडाची घडवंची करावी, तिला लोकरीच्या कापडाचे अस्तर लावावे आणि पाते उघडे ठेवावे. पाटण, जावळी किंवा महाबळेश्वरकडच्या पावसाळी हवेत पात्याला दर पंधरवड्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. मिरज-सांगलीकडे पावसाळ्याव्यतिरिक्त महिन्यातून एकदा पुरते. बोटांचे ठसेही गंजतात, त्यामुळे पाहुण्यांना दाखवून झाल्यावर पाते पुसावे. खंडेनवमीला पूजा होणारच, आणि त्याच दिवशी पात्याचे सर्वाधिक नुकसान होते, कारण ओले हळद-कुंकू, अक्षता आणि फुलांचा ओलावा त्यावर रात्रभर राहतो. गंध-फुले मुठीवर वाहावीत, पात्यावर आदल्या दिवशी मेणाचा थर द्यावा, आणि दसऱ्याला सोने लुटायला बाहेर पडण्यापूर्वी पाते कोरड्या सुती कापडाने पुसून त्याला पुन्हा तेल लावावे.